पिन बसली म्हणून करंट बसत नाही

दिवाळी जवळ आली की आमच्या मच्छेच्या घरी अमेरिकेतून एक प्रश्न ठरलेला येतो, ‘पोरांना काय आणू?’ प्रश्न विचारते ती माझी आत्या. ती न्यू जर्सीत राहते. पूर्वी चॉकलेटं, बूट, परफ्यूम यांवर भागायचं. आता भाचरं स्वतःच मॉडेल नंबरासकट मागणी करतात. यंदा माझ्या बहिणीच्या मुलाने हातात धरून खेळायचा गेम मागितला. आत्याने मला विचारलं, ‘आणू का रे? तिकडे चालेल ना?’

मी लगेच उत्तर दिलं नाही. आधी एक गोष्ट तिला सांगायची होती, आणि ती सांगायला मला बावीस वर्षं लागली होती. ती गोष्ट इथे लिहितो, कारण आपल्या मंडळातल्या निम्म्या घरांत कुणी ना कुणी दुबईला, अमेरिकेत नाहीतर जपानमध्ये आहे आणि सुट्टीला येताना बॅगेतून असलं काहीतरी आणणार आहे.

२००३ चा गणपती

मी नववीत होतो. आत्या आणि काका गणपतीला गावी आले होते. संध्याकाळची आरती झाली, प्रसाद वाटून झाला आणि आत्याने मला आत बोलावून एक छोटा डबा हातात दिला. गेम बॉय अॅडव्हान्स एसपी. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेत आला होता. चंदेरी रंगाचा, पुस्तकासारखा मिटणारा, आत स्वतःचा दिवा असलेला. तोवर आमच्या गल्लीतली झेप होती ती विटा रचायच्या त्या राखाडी ब्रिक गेमपर्यंत. खडेबाजारात मिळायचा तो, दोन पेन्सिल सेलवर चालायचा आणि डब्यावर ‘९९९९ गेम’ असं लिहिलेलं असायचं. माझ्या हातातली वस्तू बघायला त्या रात्री अर्धी गल्ली आमच्या सोप्यात जमली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बॅटरीचा दिवा लाल झाला. डब्यात चार्जर होता, पण त्याची पिन दोन चपट्या पट्ट्यांची. आमच्या बोर्डात गोल भोकं. मी सायकल काढली, बेळगावात जाऊन एक पिन कन्व्हर्टर घेऊन आलो. चपटी पिन एका बाजूने आत, गोल पिन दुसऱ्या बाजूने बाहेर. बसली. बटण दाबलं.

चार्जर आधी गुणगुणला. भ्रमर अडकल्यासारखा आवाज. मला वाटलं अमेरिकेचा चार्जर असाच बोलत असेल. पाच-सात मिनिटांत हात लावला तर चटका बसला आणि वास आला. तो वास मी आजही ओळखतो. जळक्या वार्निशचा. मी बटण बंद केलं. परत चालू केलं, तर गुणगुणही नाही. चार्जर मेला होता.

संध्याकाळी आत्याने विचारलं, ‘चालतंय ना रे?’

‘हो, मस्त चालतंय,’ मी म्हटलं.

पुढचे दिवस मी उरलेली बॅटरी पुरवून वापरली. आतला दिवा बंद करून उजेडाला बसायचो, कारण दिवा चालू असला की बॅटरी लवकर उतरते. आत्या समोर असली की दोन मिनिटं खेळून दाखवायचो. ती परत जायच्या आदल्या दिवशी पडदा काळा झाला. ती गेली आणि वस्तू कपाटात गेली.

मिस्त्रींचं दुकान

आप्पा तेव्हा औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत होते. चार्जर त्यांनी कधी बघितला मला माहीत नाही. एका रविवारी सकाळी म्हणाले, ‘ते जळालेलं घे आणि चल.’ एवढंच. रागावले नाहीत.

आम्ही गेलो खानापूर रोडवरच्या एका मोटार वायंडिंगच्या दुकानात. आपल्या भागात अशी दुकानं गावोगावी आहेत. बोअरची मोटार जळली की शेतकरी तिथेच जातो. आत तांब्याच्या तारेची रिळं, भिंतीला टांगलेले जुने कॉइल आणि तोच वार्निशचा वास. मिस्त्रींनी चार्जर हातात घेतला, मागचं लेबल उजेडाला धरलं आणि मला विचारलं, ‘हे वाचलास काय?’

मी वाचलं नव्हतं. त्यावर लिहिलं होतं: इनपुट एसी १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आउटपुट डीसी ५.२ व्होल्ट, ३२० मिलीअँपिअर.

‘आणि आपल्याकडं किती येतंय?’

‘दोनशे तीस.’ हे मात्र विज्ञानाच्या पुस्तकात होतं.

‘मग? ठिबकच्या नळीला पाच एचपीची मोटार लावलास की तू.’

त्यांनी चार्जर फोडला. आत पत्र्यांच्या चकत्यांचा एक छोटा ठोकळा होता आणि त्यावर दोन वायंडिंग. एक भिंतीतल्या करंटच्या बाजूचं, केसासारख्या बारीक तारेचं. दुसरं गेमच्या बाजूचं, थोड्या जाड तारेचं. बारीक वायंडिंग काळं पडलं होतं. हा ट्रान्सफॉर्मर. शाळेत आकृती काढली होती, हातात पहिल्यांदाच घेतला.

मिस्त्रींचा हिशेब सोपा होता. प्रत्येक ट्रान्सफॉर्मरला ‘एका व्होल्टला इतके फेरे’ असा हिशेब असतो. तो लोखंडाच्या आकारावर आणि करंटच्या हर्ट्झवर ठरतो. १२० व्होल्टसाठी मोजून घातलेले फेरे २३० व्होल्टला अपुरे पडतात. लोखंडातलं चुंबकत्व त्याला झेपेल त्यापुढे जातं, मग ते करंटला अडवत नाही आणि तारेतून करंट नुसता वाहत सुटतो. तार तापते, वार्निश जळतं.

पुढे इंजिनिअरिंगला हेच मी आकड्यांत शिकलो. २३० भागिले १२० म्हणजे १.९२. त्यात हर्ट्झही कमी. साठसाठी केलेल्या लोखंडावर पन्नास दिले की चुंबकत्वाचा ताण आणखी सव्वापटीच्या जवळ, म्हणजे १.२ पट वाढतो. दोन्ही मिळून २.३ पट. व्होल्टेज आणि हर्ट्झ दोन्ही माझ्याविरुद्ध होते.

त्या दिवशी मिस्त्रींनी जळका चार्जर परत गुंडाळला नाही. ‘एवढी बारीक तार गुंडाळण्यात दिवस जाईल,’ म्हणाले. त्यांनी आपल्या करंटवर चालणारा एक छोटा तयार ट्रान्सफॉर्मर घेतला, चार डायोड, एक कपॅसिटर आणि तीन पायांचा एक आयसी लावला. ७८०५ त्याचं नाव. आत नऊ व्होल्ट येवोत की बारा, बाहेर पाचच सोडायचे हे त्याचं काम. जुन्या चार्जरची वायर कापून पुढे जोडली. मीटर लावून मला काटा दाखवला. पाच. मग गेमला जोडला. नारिंगी दिवा लागला.

आप्पांनी पैसे विचारले. मिस्त्री म्हणाले, ‘पैसे नको. हा चार रविवार इथं येऊन तार मोजंल.’ मी चार नाही, पुढची दोन वर्षं जात राहिलो. निघताना ते एक वाक्य बोलले होते, ‘पिन बसली म्हणून करंट बसत नाही, बाळ.’ बीईच्या चार वर्षांत इतकं कामाचं वाक्य मला कुणी सांगितलं नाही, आणि विद्यापीठ तर आमच्या मच्छेतच आहे.

जगात एकच करंट का नाही?

भारतात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. दुबईत व्होल्टेज जवळपास आपल्याइतकंच, फक्त पिन ब्रिटिश धाटणीची चौकोनी. म्हणून आखातातून आणलेली वस्तू बहुधा चालते. सौदीत मात्र घरांत बरीच वर्षं १२७ व्होल्ट आणि ६० हर्ट्झ होते. तिथून आलेलं जुनं सामान बघूनच लावावं. अमेरिकेत १२० आणि ६०. जपानमध्ये १००, जगातल्या सर्वांत कमी व्होल्टेजांपैकी एक.

जपानची आणखी एक गंमत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी टोकियोने जर्मनीकडून जनित्रं घेतली, ती ५० हर्ट्झची. ओसाकाने अमेरिकेकडून घेतली, ती ६० ची. आजही देशाच्या पूर्वेला ५० आणि पश्चिमेला ६० आहे. २०११ च्या भूकंपानंतर पूर्वेकडे विजेचा तुटवडा झाला, तेव्हा पश्चिमेची वीज हवी तेवढी तिकडे नेता आली नाही. सुरुवातीला केलेली एक खरेदी शंभर वर्षांनीही माणसांना पुरून उरते, ती अशी.

सेलला मात्र देश नसतो. पहिला गेम बॉय १९८९ साली आला, तो चार पेन्सिल सेलवर चालायचा. दीड व्होल्टचे चार, म्हणजे सहा व्होल्ट. क्योटोत घेतलेला सेल आणि निपाणीच्या किराणा दुकानातला सेल सारखाच. गेम बॉय घडवणाऱ्या गटाचे प्रमुख गुन्पेई योकोई यांचा आग्रहच असा होता की, जुनं, स्वस्त, हाताखालचं तंत्र घ्यायचं आणि त्यातून नवी गंमत काढायची. रंगीत पडदा, मोठा दिवा यांच्या मागे ते लागले नाहीत. म्हणून चार सेलवर तो पंधरा तासांच्या आसपास चालायचा. त्याच काळातला रंगीत पडद्याचा सेगाचा गेम गिअर सहा सेल तीन ते पाच तासांत संपवायचा. अशा सेलवाल्या जुन्या वस्तू कुणाकडे असतील तर चार्जर शोधत बसू नका. सेल घाला आणि खेळा.

लेबल कसं वाचायचं?

आता कामाचं बोलू. चार्जरच्या पाठीवर बारीक अक्षरांत सगळं लिहिलेलं असतं. चार गोष्टी बघायच्या.

पहिली, इनपुट. ‘१०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असं असेल तर निश्चिंत राहा. तो चार्जर जगात कुठेही चालतो, नुसती पिन बदलली की झालं. नुसतं ‘१००’ किंवा नुसतं ‘१२०’ असेल तर तो आपल्या बोर्डात कधीही लावायचा नाही.

दुसरी, आउटपुटचे व्होल्ट. पर्यायी चार्जर घेताना हे मूळ आकड्याशी जुळले पाहिजेत. पाचच्या जागी नऊ चालत नाहीत.

तिसरी, अँपिअर. यात लोकांचा फार गोंधळ होतो. चार्जरवरचे अँपिअर ही त्याची ताकद आहे. गेम लागेल तेवढेच ओढतो. म्हणून चार्जरवरचा आकडा मूळपेक्षा जास्त असला तर चालतो, कमी असला तर चार्जर तापतो.

चौथी, अधिक-उणे. गोल पिनच्या चार्जरवर एक छोटी आकृती असते, मधल्या टिंबाला कुठलं चिन्ह जोडलंय ते दाखवणारी. काहींत आत अधिक, काहींत आत उणे. दोन्हींची पिन एकाच मापाची असू शकते. उलटं जोडलं तर गेमचा आतला फ्यूज जातो. नशीब वाईट असेल तर बरंच काही जातं.

या नियमाने ओळखीच्या वस्तू बघू. सोनीचा पीएसपी २००४ च्या शेवटी जपानमध्ये आला, त्याचा मूळ चार्जर १०० ते २४० चा. आपल्याकडे चालतो. निन्टेन्डो थ्रीडीएसचा अमेरिकन चार्जर फक्त १२० चा, आउटपुट ४.६ व्होल्ट. आपल्याकडे लावू नये. निन्टेन्डो स्विच २०१७ साली आला, त्याचा चार्जर पुन्हा १०० ते २४० चा. म्हणजे एकाच कंपनीच्या दोन वस्तूंत एक चालते, एक जळते. ‘आमच्या शेजाऱ्यांनी लावला होता, काही झालं नाही’ हा पुरावा म्हणूनच धरू नये.

हा फरक का पडतो? माझा जुना चार्जर लोखंडाच्या ट्रान्सफॉर्मरचा, जड. नवे चार्जर हलके असतात. ते आलेला एसी आधी डीसी करतात आणि सेकंदाला हजारो वेळा तोडून, अगदी लहान ट्रान्सफॉर्मरमधून हवा तेवढाच पुढे सोडतात. किती तोडायचं ते आतली चिप ठरवते, म्हणून शंभर आले काय किंवा दोनशे चाळीस आले काय, त्याला फरक पडत नाही. पण हलका म्हणजे सुरक्षित असंही नाही. फक्त १२० साठी केलेल्या हलक्या चार्जरमध्ये आतला कपॅसिटर बहुधा २०० व्होल्टचा असतो. आपल्या २३० चं शिखर सव्वातीनशेला पोचतं. तो फुटतो, आणि आवाज करून फुटतो. शेवटी खरं लेबलच.

उपाय कोणते?

पिन कन्व्हर्टर फक्त पिन बदलतो, व्होल्टेज नाही. हल्लीच्या एक्स्टेंशन बोर्डात तर चपटी पिन थेट बसते. आमच्या वेळी निदान बाजारात जावं लागायचं, आता तेवढाही अडसर राहिलेला नाही. घरात लहान मुलं असतील तर १२० वाला चार्जर त्यांच्या हाताला लागेल असा ठेवू नका. त्यावर लाल चिकटपट्टी लावा.

मूळ चार्जरच वापरायचा असेल तर स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर मिळतो, २३० घेऊन ११० देणारा. गेमच्या चार्जरला चार-पाच वॅट लागतात, त्यामुळे पन्नास-शंभर वॅटचा सर्वांत लहान पुरतो. एवढं लक्षात ठेवा की हा व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ पन्नासच राहतात. चार्जर थोडा कोमट होईल, ते चालतं. हेअर ड्रायरसाठी मिळणारे हलके ‘ट्रॅव्हल कन्व्हर्टर’ मात्र इलेक्ट्रॉनिक वस्तूला नको. ते करंट नीट उतरवत नाहीत, त्याचे तुकडे पाडतात.

सर्वांत सोपा उपाय वेगळाच आहे. गेम बॉय एसपी, डीएस, थ्रीडीएस, पीएसपी या सगळ्यांसाठी एका टोकाला यूएसबी असलेल्या वायरी मिळतात. साध्या पाच व्होल्टच्या मोबाईल चार्जरला लावायच्या. मिस्त्रींनी २००३ मध्ये जे टेबलावर जोडून दिलं, तेच आता एका वायरीत येतं. चार्जर मात्र चांगल्या बनावटीचा, भारतीय मानक ब्युरोची खूण असलेला घ्या.

नव्या वस्तूंत तर यूएसबी टाइप सी आहे. त्यात चार्जर आणि यंत्र आधी आपसांत बोलतात. सुरुवातीला पाच व्होल्ट येतात, मग यंत्राने मागितलं तरच नऊ किंवा पंधरा. युरोपीय संघाने डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाईलबरोबर हातातल्या गेमनाही हीच पिन सक्तीची केली. पुढच्या पिढीला हा लेख लागणार नाही अशी आशा आहे.

आपल्याकडचा करंट

चार्जर योग्य असला तरी गावाकडे एक धोका वेगळा असतो. लाईनचा न्यूट्रल तुटला किंवा सैल झाला की एखाद्या घरात २३० च्या जागी तीनशेच्या वर, क्वचित चारशेपर्यंत व्होल्टेज चढतं. बल्ब एकदम पांढरे फक्क होतात, पंखे पळायला लागतात. असं दिसलं की आधी मेन बंद करायचा. करंट गेला असेल तर चार्जर काढून ठेवावा, आल्यावर पाच मिनिटांनी लावावा. रात्रभर चार्जिंग नको.

आणि बॅटरी. वीस वर्षांपूर्वीच्या वस्तू लोक आता हौसेने कपाटातून काढतात. आत लिथियमची बॅटरी असेल तर आधी मागचं झाकण बघा. फुगून वर आलं असेल तर चार्जिंगला लावू नका, टोचू नका, दाबू नका. बॅटरी बदलून घ्या आणि जुनी ई-कचऱ्यात द्या. विमानातून आणताना असे गेम हातातल्या बॅगेत ठेवावेत. सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक तर मोठ्या बॅगेत टाकायला परवानगीच नसते.

राहिलेली गोष्ट

तर यंदा आत्याचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, ‘आत्या, आधी एक सांगायचंय.’ आणि सगळं सांगितलं. कन्व्हर्टर, वास, ‘मस्त चालतंय’ हे खोटं, काळा पडदा.

ती बराच वेळ बोलली नाही. मला वाटलं फोन कटला. मग म्हणाली, ‘अरे, मी दुकानात काम करायचे तेव्हा. दोन महिने पैसे बाजूला ठेवून घेतला होता तो. घेताना रंग बघितला, पिन काही बघितली नाही. मला विचारायचं सुचलंच नाही.’

म्हणजे जी चूक मी इतकी वर्षं माझी म्हणून लपवली, ती ऐकल्याबरोबर तिने आपल्याकडे घेतली. खरं तर चूक तिचीही नव्हती. आम्ही दोघांनीही लेबल वाचलं नव्हतं एवढंच. मी तेव्हाच सांगितलं असतं तर आम्ही दोघांनी मिळून ते वाचलं असतं आणि ती परत जाताना मन हलकं करून गेली असती.

आप्पा शेजारीच बसून ऐकत होते. ते म्हणाले, ‘तिला चार्जर उलटा करून वाचायला सांग.’

आत्या दुकानातूनच बोलत होती. तिने चष्मा लावला, डबा जवळ घेतला आणि एकेक आकडा मोठ्याने वाचला, ‘इनपुट, शंभर ते दोनशे चाळीस. पन्नास, साठ.’

‘आण,’ मी म्हटलं. ‘आता चालेल.’